रंगाच्या पाण्याला बुरशी लावताना

डाइंगमधून, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्यातून, बाहेर पडणारं पाणी एकाच जातीचं नसतं. सुताच्या हँकांना, म्हणजे लडींना, रिॲक्टिव्ह रंग चढवला की आधी निघतं रंगाचं मूळ पाणी, मग थंड धुणं, मग साबणाचं उकळतं धुणं, त्यानंतर आणखी धुणी, आणि सगळ्यात शेवटी रंग पक्का करणाऱ्या फिक्सरचं पाणी. प्रत्येकाचा रंग वेगळा, खारेपणा वेगळा, सोडा वेगळा. टाकीत मात्र सगळी एकत्र येतात आणि मग त्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतो. हे मला सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एका डाइंगमधल्या मास्टरांनी समजावलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. घरी तेलुगू, कामावर मराठी, बाजारात कन्नड असं बोलणारे हे गृहस्थ रंगाची बादली नुसती हलवून तीत सोडा किती पडलाय ते सांगतात. या कामात माझ्या मार्गदर्शक मॅडमइतकाच त्यांचाही वाटा आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करत होते. प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा दुसरं काही मनात आलंच नाही. आमचं घर मागावर चाललेलं. अप्पा चादरीच्या कारखान्यात, आई टॉवेलांना काठ मारणारी. या गावाला 1877 साली पहिली कापडगिरणी मिळाली. गिरण्या पुढे बंद पडल्या, पण यंत्रमाग राहिले, आणि सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. त्या चादरीच्या रंगाचं आम्हाला सगळ्यांना कौतुक आहे. धुऊन धुऊन जीर्ण होते, पण रंग सोडत नाही. हाच टिकाऊपणा पाण्यात उतरला की डोकेदुखी होतो. रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतात, म्हणून ते पक्के. पण बाथमधला, म्हणजे रंगवायच्या पाण्यातला, सगळा रंग धाग्याला लागत नाही. काही रंग पाण्याशीच क्रिया करून बसतो, मग तो धाग्याला कधीच चिकटत नाही आणि धुण्याबरोबर वाहून जातो. हे रंग पाण्यात इतके सहज विरघळतात की नुसते तळाशी बसत नाहीत. तुरटी किंवा फेरिकची, म्हणजे लोखंडाची, क्षारं घालून ते खाली ओढता येतात, पण मग रंगीत गाळाचा ढीग उरतो. ब्लीच मारलं तर पाणी पांढरं दिसतं, पण क्लोरीनची नवी संयुगं तयार होतात.

बुरशीकडे वळण्याचं कारण लाकूड. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन हे निसर्गातल्या सगळ्यात चिवट पदार्थांपैकी एक. त्याच्या रेणूला एक ठरलेला साचा नाही. घटक वाटेल तसे जोडलेले असतात. म्हणून त्याला मोडणारं एन्झाइमही एकाच कुलपाला बसणाऱ्या किल्लीसारखं असून भागत नाही. लाकूड पांढरं पाडून कुजवणाऱ्या बुरश्यांनी, ज्यांना व्हाइट रॉट म्हणतात, यावर वेगळाच उपाय काढला. त्या पेशीच्या बाहेर लॅकेस, मँगनीज पेरॉक्सिडेज, लिग्निन पेरॉक्सिडेज अशी एन्झाइमं सोडतात आणि ती समोर येईल त्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. इलेक्ट्रॉन गेलेला रेणू अस्थिर होतो आणि पुढे आपोआप तुटत जातो. माणसाने बनवलेल्या रंगांमध्येही लिग्निनसारखीच बेन्झीनची कडी असतात. त्या बुरशीला रंग काय आणि लाकूड काय, फारसा फरक पडत नाही. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीतलं लिग्निन पेरॉक्सिडेज 1983 साली सापडलं आणि त्याच वर्षी तिच्याकडून रंग मोडून घेण्याचे प्रयोगही छापून आले. लॅकेस तर त्याहून शंभर वर्षं जुनं, 1883 साली जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात योशिदा यांना आढळलेलं.

तयार बुरशी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातून मागवता येते, आणि आम्ही तुलनेसाठी एक मागवलीही. पण मॅडमचं म्हणणं होतं की सोलापूरच्या उन्हात टिकेल अशी बुरशी सोलापूरच्याच लाकडावर शोधावी. इथे मे महिन्यात पारा सहज बेचाळिसाच्या पुढे जातो. धिंगरी अळंबीची जात रंग मोडण्यात तरबेज असते, पण तिला गारवा लागतो. आमच्याकडे ती पावसाळ्याखेरीज खोलीच्या तापमानाला जगणं अवघड. म्हणून सप्टेंबरच्या पावसानंतर मी जुन्या चिंचा, कडुनिंब आणि वठलेल्या गुलमोहरांची खोडं बघत फिरले. खोडाला चिकटलेल्या कंगोऱ्यांसारख्या बुरश्या खरवडून कागदी पाकिटात घ्यायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत घेतल्या की घाम धरून त्यांच्यावर दुसरीच बुरशी चढते.

त्यांना शुद्ध करणं हे सगळ्यात वेळखाऊ काम होतं. बाहेरचा भाग जिवाणूंनी आणि साध्या बुरशीने भरलेला असतो, म्हणून खरवडून आणलेल्या बुरशीच्या आतल्या गाभ्याचा भाताच्या शिताएवढा तुकडा काढून तो माल्टच्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या खाद्यावर, ठेवायचा. अगारमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल घातलं की जिवाणू दबतात, थोडं बेनोमिल घातलं की हिरवी-काळी बुरशी दबते, पण व्हाइट रॉट गटातल्या बुरश्यांना ते बऱ्यापैकी सोसतं. तरीही ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी येतेच. पांढरी जाळी छान पसरत असते आणि दुसऱ्या दिवशी कडेने हिरवी पावडर दिसते. अशी प्लेट तिथल्या तिथे ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, टाकावी लागते, नाहीतर बीजाणू साऱ्या खोलीभर होतात.

शुद्ध झालेल्या बुरशीत लॅकेस आहे की नाही हे बघायची एक साधी पद्धत आहे. अगारमध्ये ग्वायकॉल नावाचं रसायन मिसळायचं. लॅकेस असेल तर बुरशीभोवती विटकरी लाल वलय उठतं. माझ्या बऱ्याच प्लेटा पांढऱ्याच राहिल्या. चिंचेच्या खोडावरची एक मात्र रात्रीतून अशी लाल झाली, की सकाळी मी ती हातात धरून मॅडमच्या खोलीत गेले तेव्हा त्यांनी फक्त, "ही जपून ठेव," एवढंच म्हटलं. पुढचं सगळं काम त्याच बुरशीवर झालं. ती सदतीस अंशालाही वाढत होती.

मग रंग. अगारमध्ये रिॲक्टिव्ह ब्लू 19 मिसळला. हा अँथ्राक्विनोन गटातला निळा, टॉवेलांच्या निळ्या छटांत सर्रास लागतो, आणि लॅकेसला तो सोपा जातो. बुरशी जशी पसरेल तशी तिच्याखालची निळी जमीन आधी जांभळट, मग फिकट, मग जवळजवळ रंगहीन झाली. हे बघायला फार सुंदर असतं. पण याच ठिकाणी थांबून विचार करावा लागतो, आणि माझ्या मते या विषयावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या अनेकांचं इथेच चुकतं. पाण्यातून रंग जाणं आणि रंगाचा रेणू मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुरशीचे धागे स्पंजागत रंग शोषून घेतात. मेलेली बुरशीसुद्धा घेते! म्हणून मी प्रत्येक प्रयोगात एका फ्लास्कमध्ये जिवंत बुरशी आणि शेजारच्या फ्लास्कमध्ये ऑटोक्लेव्हमध्ये मारलेली बुरशी ठेवायचे. पहिल्या दिवशी दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरायचं. फरक नंतर दिसायचा. मेलेल्या बुरशीचे गोळे गडद निळे होऊन बसायचे आणि पाणी तिथेच थांबायचं. जिवंत गोळे आधी निळे व्हायचे, मग स्वतःच पुन्हा पांढरे पडायचे. गोळा पांढरा पडला की समजायचं, आतला रंग खरंच मोडला.

त्यालाही यंत्राची साक्ष हवीच. कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर या निळ्याचा उंचवटा 592 नॅनोमीटरच्या आसपास येतो. नुसता शोषला गेला तर सगळा आलेख सारख्या प्रमाणात खाली बसतो. मोडला तर दिसणाऱ्या प्रकाशातला उंचवटा नाहीसा होतो आणि अतिनील बाजूला नवे, बारीक चढउतार दिसू लागतात. ते तुकड्यांचे. मी दरवेळी पूर्ण आलेख काढायचे, फक्त एका तरंगलांबीवर आकडा घेऊन टक्केवारी मांडत बसायचे नाही. जे फक्त टक्केवारी देतात त्यांच्यावर विश्वास ठेवायला मला जड जातं.

पुढचा रंग रिॲक्टिव्ह ब्लॅक 5. सुती मालाच्या काळ्या छटेत जगभर हाच सगळ्यात जास्त वापरला जातो. याच्यात दोन ॲझो बंध असतात, म्हणजे नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडगोळी दोन ठिकाणी. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू हा बंध तोडतात तेव्हा त्यातून अमाइन नावाची संयुगं तयार होतात, आणि काही ॲझो रंगांपासून निघणारी अमाइन कर्करोगाला कारण ठरतात. 1997 साली भारत सरकारने अशा ॲझो रंगांवर बंदी आणली ती त्यामुळेच. आज बाजारात मिळणारे रंग त्या यादीतले नसले तरी बंध कसा तुटतो याला महत्त्व आहे. लॅकेस हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने काम करतं. त्याच्या गाभ्यात तांब्याचे चार अणू असतात. रंगाकडून एकेक करून चार इलेक्ट्रॉन गोळा करायचे आणि ऑक्सिजनच्या एका रेणूचं पाणी करायचं, हा त्याचा धंदा. या वाटेने तुटताना ॲझोमधला नायट्रोजन बराचसा वायू होऊन निघून जातो आणि अमाइनचा मार्ग टळतो. बुरशीची बाजू मी एवढ्या आग्रहाने मांडते ती या कारणासाठी.

पण एकट्या लॅकेसला काळा मोठा वाटतो. निळा झपाट्याने उतरला, काळा रेंगाळला. अशा वेळी मध्यस्थ लागतो: एक छोटा रेणू, जो लॅकेसकडून इलेक्ट्रॉनचं देणंघेणं उचलून रंगाच्या अडगळीतल्या जागी पोचवतो. प्रयोगशाळेत त्यासाठी एबीटीएस नावाचं रसायन वापरतात, पण ते महाग, डाइंगच्या टाकीत ओतायची गोष्ट नाही. आमच्या हाताशी जे होतं ते कडबा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी सगळ्यांना ठाऊक आहे, तिचा कडबाही. गवतवर्गीय ताटांमध्ये फेरुलिक आणि कुमॅरिक आम्लासारखे फिनॉल असतात आणि असे फिनॉल मध्यस्थाचं काम करतात. बुरशी पातळ पोषक रसात वाढवण्याऐवजी ओलसर, उकळून घेतलेल्या कडब्याच्या कांड्यांवर वाढवली आणि त्यातून पिळून काढलेलं एन्झाइम घेतलं, तेव्हा काळा स्पष्टपणे लवकर उतरला. निळसर काळा, मग जांभळा, मग चहासारखा पिवळट. पूर्ण रंगहीन मात्र झाला नाही.

इथवर सगळं डिस्टिल्ड पाण्यातलं. आता अण्णांच्या टाकीतलं पाणी.

कॅन घेऊन गेले तेव्हा अण्णांनी विचारलं, "पोरी, कुठलं पाणी पाहिजे? मूळ, धुण्याचं, का साबणाचं?" मी म्हटलं, "सगळं एकत्र होतं ते." ते म्हणाले, "मग तुझी बुरशी मरणार बघ. एकेक वेगळं घे की." मी दोन्ही घेतलं. टाकीतलं एकत्र पाणी दहाच्या वर पीएच असलेलं, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी होतं, कारण रंग बसवायला सोडा घालतात. बुरशीला साडेचार-पाच लागतो. त्यात ती वाढलीच नाही, आणि वेगळं काढलेलं एन्झाइम घातलं तेही गप्प राहिलं. पीएच उतरवला, तरी पुरेसा फरक पडेना. तेव्हा मीठ तपासलं.

डाइंगमध्ये मीठ लिटरमागे चाळीस ते ऐंशी ग्रॅमपर्यंत घालतात, नाहीतर रंग धाग्याकडे सरकत नाही. हे मीठ दोन प्रकारचं असतं: एक आपलं साधं, म्हणजे सोडियम क्लोराइड, दुसरं ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट. क्लोराइड लॅकेसच्या तांब्याला जाऊन अडवतं. सल्फेट तेवढं त्रास देत नाही. आम्ही शुद्ध पाण्यात निळा घेऊन एकात साधं मीठ, एकात ग्लॉबर, सारख्या प्रमाणात घालून बघितलं. मिठाच्या फ्लास्कमध्ये रंग जवळजवळ तसाच उभा, ग्लॉबरच्या फ्लास्कमध्ये तो उतरत चाललेला. हा या सगळ्या कामातला मला सर्वात उपयोगी वाटलेला निकाल. यातून आम्हाला आणखी एक गोष्ट उमजली. पीएच उतरवायला स्वस्त म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात, पण त्यानेही क्लोराइडच वाढतं. म्हणून आम्ही विरल सल्फ्युरिक वापरायला लागलो. ते हळूहळू, ढवळत, पाण्यात ॲसिड या क्रमानेच घालायचं.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हिशेब करत बसले. ग्लॉबर महाग पडतं, आणि स्फटिकातलं घेतलं तर निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, म्हणून पोतीही जास्त लागतात. "सगळ्या मालाला नाही जमणार," ते म्हणाले, "निळ्या टॉवेलाच्या लॉटला करून बघू." मला ते पुरेसं होतं. निळाच तर आमच्या बुरशीला जमत होता.

टर्क्वाइजविषयी थोडं सांगायला हवं. टॉवेलात ही मोरपिशी छटा फार चालते. तो रंग थॅलोसायनिन गटातला, त्याच्या मधोमध तांब्याचा अणू बसवलेला. व्हाइट रॉट बुरशी हाही मोडू शकते, पण मोडला की तांबं पाण्यात मोकळं होतं. पाणी स्वच्छ दिसेल आणि त्यात तांबं तरंगत असेल. जलचरांना तांबं थोड्या प्रमाणातही बाधतं. म्हणून टर्क्वाइजचं पाणी आमच्या व्यवस्थेत घ्यायचं नाही असं मी ठरवलं आणि त्यावर अजून ठाम आहे. रंग गेल्याच्या आनंदात धातूकडे कुणाचं लक्ष जाणार नाही, ही भीती खरी आहे.

विषारीपणा बघायला आम्ही बियांचा आधार घेतला. पेट्री डिशमध्ये कापूस, त्यावर मूग आणि ज्वारी. एकात नळाचं पाणी, एकात न मोडलेल्या रंगाचं, एकात बुरशीने उतरवलेलं, आणि एकात फक्त तेवढंच मीठ घातलेलं पाणी. शेवटची डिश अनेक जण ठेवत नाहीत. ती नसेल तर बी उगवलं नाही ते मिठामुळे की तुकड्यांमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. आमच्याकडे बुरशीच्या पाण्यात मूग न मोडलेल्या पाण्यापेक्षा स्पष्ट बरे उगवले, मुळंही लांब निघाली, पण नळाच्या पाण्याइतकी नाही. मिठाच्या डिशमधले मूगही तेवढेच मागे होते. म्हणजे रंगाचं ओझं कमी झालं, मिठाचं तसंच राहिलं. बुरशी मीठ खात नाही. शेतात सोडायला हे पाणी योग्य नाही, आणि कुणी शेतकरी मागायला आला तरी देऊ नये. कडबाही नाही. एका ओळखीच्या काकांनी विचारलं होतं की वापरून झालेला कडबा जनावराला चालेल का. त्यात शोषलेला रंग असतो. अजिबात चालणार नाही.

डाइंगच्या आवारात आम्ही जे उभं केलं ते अगदी साधं आहे. निळा प्लास्टिकचा पिंप, तळाशी जाळी, त्यावर बुरशीने पांढरा झालेला कडबा, वरून पाणी संथ ठिबकत राहतं, तळातून हवा मिळते. बाहेर सगळं निर्जंतुक ठेवणं शक्य नसतं, मग जिवाणू बुरशीवर कसे चढत नाहीत? चढतात, जर त्यांना खायला नायट्रोजन मिळाला आणि पाणी उदासीन असलं तर. कडब्यात नायट्रोजन कमी असतो आणि पाणी आम्ही आधीच आंबट करतो. त्या दोन गोष्टींनी बुरशीला आघाडी मिळते. साबणाच्या धुण्याचं पाणी पिंपात सोडलं तेव्हा मात्र कडबा बुळबुळीत झाला आणि वास सुटला. ते पाणी आम्ही बंद केलं.

सध्याची रचना अशी आहे: निळ्या लॉटचं, ग्लॉबर वापरलेलं, साबणाच्या आधीचं धुण्याचं पाणी एका वेगळ्या पाइपने बाजूला काढायचं, थंड होऊ द्यायचं, पीएच पाचावर आणायचा आणि मग पिंपात. मूळ बाथचं पाणी, काळा, टर्क्वाइज, साबण यातलं काहीही नाही. ते जुन्याच मार्गाने तुरटीच्या टाकीत जातं. पिंपातून खाली येणारं पाणी पिवळसर असतं, निळं नसतं, आणि तेही पुढे त्याच टाकीत जातं. तिथे आता त्या लॉटला तुरटी कमी लागते, असं अण्णा सांगतात. त्यांनी ते गाळाच्या पोत्यांवरून मोजलंय. वेगळा पाइप त्यांनीच स्वतः जोडून घेतला आणि त्यावर रंगाने लिहिलं, "फक्त निळं धुणं".